मशीनच्या सायबर सुरक्षेचं ट्रेनिंग: दवाखान्याच्या पोरांना कशाला?

शाहूपुरीचा_सर्व्हिसवाला
कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यांनी बायोमेडिकलच्या, म्हणजे मशीनं सांभाळणाऱ्या, पोरांना वैद्यकीय उपकरणांची सायबर सुरक्षा शिकायला पाठवावं, अशी टूम निघालीय. माझ्या मते पैसे पंचगंगेत. सीटी स्कॅनच्या कन्सोलला कंपनीचं कुलूप असतं. परस्पर अँटीव्हायरस टाकला की एएमसीवरून (वर्षाच्या देखभाल करारावरून) भांडण सुरू. मग पोरगं शिकून करणार काय? शिकवायचं तर बनवणाऱ्याला शिकवा. अमेरिकेत मार्च २०२३ पासून कायदाच आहे. नेटवर्कला जोडता येणारं नवं उपकरण मंजुरीला आणलं, की आतल्या सॉफ्टवेअर घटकांची यादी आणि पुढं दुरुस्त्या कशा देणार त्याचा आराखडा द्यावाच लागतो. तसं इथं करा, विषय संपला.

बायोमेड_ताई
कुठं संपला दादा? तो कायदा नव्या मशीनला. आपल्याकडं विंडोज ७ वरची मशीनं अजून धडधडीत चालू आहेत. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच त्यातून अंग काढून घेतलं, पण मालक काय मशीन मोडीत काढत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला, त्याची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली होती. तरी इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या.

आणि कुलपाबाहेर कितीतरी काम आहे. मशीनं वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाकायची. पॅक्सकडं, म्हणजे स्कॅनच्या चित्रांच्या साठ्याकडं, फक्त डायकॉमचा (ती चित्रं पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचा) रस्ता उघडा ठेवायचा. कंपनीचं रिमोट कनेक्शन आपण बोलावल्यावरच चालू करायचं. कुठल्या मशीनला कुठलं सॉफ्टवेअर, त्याची वही तरी किती ठिकाणी आहे? जाता जाता, सर्व्हिसला येताना तुम्ही खिशातनं जो पेनड्राइव्ह काढता, तो आधी कुठं कुठं फिरून आलेला असतो तेही सांगा.

नेटवर्कवाला_राजारामपुरी
व्हीलॅन, फायरवॉल हे आयटीचं काम. बायोमेडनं ईसीजी बघावा.

बायोमेड_ताई
आयटीचंच ऐका. एका दवाखान्यात, नाव नको, आयटीच्या पोरानं भर दुपारी नेटवर्क स्कॅन लावला. हेतू चांगला होता. आयसीयूतले दोन मॉनिटर सेंट्रल स्टेशनवरून (सगळे मॉनिटर एकत्र दिसतात त्या स्क्रीनवरून) गायब! जुन्या उपकरणांना असलं ठोकून बघणं सोसत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरची सुरक्षा शिकलेल्याला पेशंट जोडलेल्या मशीनची सुरक्षा येतेच असं नाही. म्हणून दोघांना एका वर्गात बसवा म्हणते.

शाहूपुरीचा_सर्व्हिसवाला
पेनड्राइव्हचं मान्य, त्यावर वाद नाही. पण कारखान्यातूनच खोट आली तर? कॉन्टेक कंपनीच्या सीएमएस८००० या पेशंट मॉनिटरचं बघा. पेशंटची माहिती आधीच भरून ठेवलेल्या एका आयपी पत्त्यावर जाते आणि मागचं दार उघडं, असा इशारा अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक एफडीएनं जानेवारी २०२५ मध्ये दिला. आता तुमची कोर्स केलेली पोरगी काय करणार?

बायोमेड_ताई
एफडीएनं सांगितलं तेच. लांबून बघायची गरज नसेल तर नेटवर्कची केबल काढा, वायरलेस बंद करा आणि खाटेजवळच वापरा. लांबून बघितल्याशिवाय भागत नसेल तर मॉनिटर बदला. हे कंपनी येऊन करणार नाही, दवाखान्यातलंच माणूस करणार. आधी इशारा वाचायला हवा, मग आपल्या कुठल्या वॉर्डात ते मॉडेल आहे ते माहीत हवं.

रात्रपाळी_सिस्टर
तुमच्या भांडणात आम्ही कुठं आहोत? मॉनिटरला पासवर्ड चिकटपट्टीनं चिकटवलेला असतो, त्यावर सगळे हसतात. रात्री तीनला पेशंट खालावला की पासवर्ड आठवत बसू काय? आम्हाला व्हीलॅन शिकवू नका. स्क्रीनवर विचित्र काही दिसलं तर केबल काढायची का नाही, व्हेंटिलेटर त्यानं बंद पडेल का, फोन कुणाला करायचा, एवढं शिकवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये सर्व्हर बसले तेव्हा कामं कागदावर आली. आमच्याकडच्या नव्या पोरींनी कागदी चार्ट कधी भरलेलाच नाही.

गोकुळशिरगाव_डिझाइन
बनवणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. सर्व्हिसवाल्यांचं मूळ म्हणणं बरोबर आहे, पण आपल्याकडं मिळणारं शिक्षण बहुतेक 'हॅकिंग शिका' छापाचं. दोन टूल चालवायची, सर्टिफिकेट घ्यायचं. आयईसी ८१००१-५-१ हे आरोग्य-सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचं मानक उघडून बसणारा क्लास मला तरी या गावात सापडला नाही. सुरक्षेतली चूक म्हणजे पेशंटची जोखीम, म्हणून ती आयएसओ १४९७१ या उपकरणांच्या जोखीम-मानकातल्या जोखीम-फाइलशी जोडून शिकवली पाहिजे. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरना सुरक्षेतल्या खोटीमुळं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलायची वेळ आली. मशीन बाहेर काढावं लागलं नाही, पण दवाखान्याची फेरी प्रत्येकाला.

नेटवर्कवाला_राजारामपुरी
आणि खर्च कोण करणार? वीस खाटांचा दवाखाना पोराला कोर्सला पाठवेल, ते पोरगं सहा महिन्यांत पुण्याला पळेल.

शाहूपुरीचा_सर्व्हिसवाला
तेच म्हणतोय मी! म्हणून जबाबदारी कंपनीवर टाका. एएमसीतच लिहून घ्या.

बायोमेड_ताई
लिहून घ्यायला काय लिहायचं ते कळावं लागतं ना? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं आहे. रविवारी संध्याकाळी मशीन लॉक झालं, तर कळवणार कोण: तुम्ही, आम्ही का मालक? तुमच्या छापील एएमसीत याचं कलम असेल तर इथं टाका, वाट बघते.