मदत हवी आहे: डीप स्नोसाठी स्नोमोबिलला १५४ की १६५ इंची ट्रॅक?

मुलुंडहून विचारतोय. हिवाळ्यात दादाकडे कॅनडात रेव्हलस्टोकला जातोय, दोघांत एक सेकंडहँड माउंटन स्नोमोबिल (डोंगरातल्या बर्फावर चालवायची गाडी) घ्यायचीय. स्की-डू कंपनीची समिट ८५० जवळपास ठरलीय, टर्बो इंजिन नकोच, घोडं अडलंय ट्रॅकवर, म्हणजे गाडी पुढे ढकलणाऱ्या खालच्या रबरी पट्ट्याच्या लांबीवर. गेल्या सीझनला भाड्याची १६५ चालवली, कंबरभर भुसभुशीत बर्फातही मस्त वर तरंगत चढते पण झाडांमध्ये एका बाजूला कलवून वळवायला गेलो की हात भरून यायचे आणि ती आपली सरळच पळायची. १५४ नुसती पाहिलीय, चालवायला मिळाली नाही. माझं वजन ६० किलो, दादाचं ९५. दोन्ही ट्रॅकना लग (पट्ट्यावरचे उंच दाते) ३ इंचीच. ॲव्हलांच (हिमस्खलन) कोर्स झालाय, बर्फाखाली गाडलेल्याला शोधून काढायला बीकन-प्रोब-फावडं आहे. १५४ वर दादासारखा वजनदार माणूस ताज्या बर्फात चढावर रुतेल का, की थ्रॉटल सोडला नाही तर निघून जाते?