शेड : छप्पर, छटा की फट?

प्रश्न : सोलापुरात पत्र्याच्या शेडमध्ये माग चालतो, रंगाची शेड जुळली नाही तर चादर बाजूला पडते, आणि मागावरही 'शेड पुरती उघडत नाही' म्हणतात. तिन्ही शब्द एकच का?

उत्तर : नाहीत. रंगाच्या शेडचं (shade) इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार दोन्ही छपराच्या आणि मागाच्या शेडहून (shed) वेगळे; देवनागरीत आपण सगळ्यांनाच 'शेड' लिहितो म्हणून घोळ होतो. तिचा मूळ अर्थ सावली. छपराचं शेडही बहुधा त्याच शब्दाचं बदललेलं रूप. मागावरची शेड मात्र वेगळ्या कुळातली. ती 'विलग करणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आली; जर्मन 'शायडेन' तिचं भावंड.

मागाजवळ उभं राहिलं की अर्थ डोळ्यांनी दिसतो. जेकार्ड म्हणजे मागावर नक्षीप्रमाणे धागे उचलणारं यंत्र. त्याच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात जिथे भोक, तिथली सुई आत शिरते, तिचा हुक वर जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. बाकीचे खालीच राहतात. मधे पडलेली फट म्हणजे शेड. तिच्यातून धोटा (शटल) बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन पलीकडे जातो. ताण्याला लावलेली खळ (कांजी) जास्त होऊन धागे एकमेकांना चिकटले, की फट स्वच्छ पडत नाही. मग धोटा धाग्यांना घासतो, ताणा तुटतो, नाहीतर बाणा भलत्याच धाग्यांवरून जाऊन नक्षीत दोष येतो.

आणखी एक : लोडशेडिंगमधलं शेड हेच. छपराशी त्याचा काही संबंध नाही; विजेचा भार उतरवणं, वेगळा काढणं. झाडाची पानगळ, सापाची कात टाकणं, यालाही इंग्रजीत हेच क्रियापद.

'वॉटरशेड'ही त्यातलंच. मूळ अर्थ दोन खोऱ्यांचं पाणी दुभागणारी रेषा, म्हणजे जलविभाजक. अमेरिकी वापरात त्याचा अर्थ ते खोरंच झाला, आणि आपल्या पाणलोट क्षेत्र विकासात तोच आला. म्हणून इतिहासातल्या 'वॉटरशेड' घटनेचं भाषांतर करताना पाणलोट आणू नये; आधीचा आणि नंतरचा काळ जिथे दुभागतो ती घटना, असा तिथे अर्थ आहे.

लिहिताना रंगासाठी 'छटा' वापरावं. मागासाठी 'ताण्याची फट' म्हटलं तर नवख्यालाही लगेच कळतं.