मदत हवी आहे : दीर-जाऊ गेले, लेकरं आमच्याकडे आहेत

नमस्कार. आम्ही आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. उन्हाळ्यात माझे धाकटे दीर आणि जाऊबाई अपघातात गेले. तेव्हापासून त्यांची दोन्ही लेकरं आमच्याकडेच आहेत. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा.

मुलगी रडत नाही, हेच मला खुपतं. मी उठायच्या आधी अंगण झाडून ठेवते, भावाचं ताट आधी वाढते. किती सांगितलं, मोठी आई आहे ना करायला, तरी "असू द्या" म्हणते. पाहुणी असल्यासारखी वागते. मुलगा दप्तर भरून उशाशी ठेवूनच झोपतो. घरी कधी जायचं, हे त्याने आता विचारणं सोडलं आहे.

आता तान्हा पोळा, लेकरांनी लाकडी नंदी मिरवायचा सण, आला. मुलाकडे त्याच्या बाबांनी आणलेला लाकडी नंदी आहे, एक चाक निखळलेलं. आमच्या यांनी बसवून देतो म्हटलं तर पोटाशी धरून बसला. त्याला पोळ्यात न्यावं की यंदा राहू द्यावं? आल्यागेल्यांनी तोंडावर "बिचारे" म्हणू नये, हे कसं सांगावं?

अशा लेकरांना सांभाळायला सरकार मदत देतं, त्या बाल संगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात केला आहे, मृत्यूचे दाखले जोडले आहेत. पैशाचं निभेल. पण पोरगी माझ्याजवळ रडावी म्हणून मी काय करू? ज्यांनी अशी लेकरं वाढवली, त्यांनी कृपया सांगा.