बॅनरवरून हिंगोली गायब

सचिव: आपल्या सोसायटीच्या, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाचं बॅनर ग्रुपवर टाकलंय, ८ बाय ४ फूट. बघून घ्या. फ्लेक्सवाला थांबलाय.

बी-१०१: मराठवाड्याच्या नकाशात सातच जिल्हे हायेत. हिंगोली कुठाय?

सचिव: मामा, नेटवर तोच सापडला.

बी-१०१: मग १९९९ च्या आधीचा असंल. जालना (१९८१) अन् लातूर (१९८२) दिसायलेत, हिंगोली अजून परभणीच्या पोटातच.

सी-२०३: १९४८ ला तर पाचच जिल्हे होते. पाचच दाखवा की!

ए-१०४: आम्ही हिंगोलीचे. वर्गणी परत द्या मग 😀

सचिव: आठ दाखवू. ४०१, जमंल का रे?

सी-४०१: काका, कवापासून तेच करायलोय. परभणी धरायला गेलं की अख्खा मराठवाडा हलायलाय. परत क्लिक केलं तर कडेला वाकडे बाण आले अन् नकाशा तिरपा झाला. नांदेड पार तेलंगणात गेलं.

ए-३०२: कंट्रोल झेड दाब आधी. इंकस्केप आहे ना, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर? नकाशाचा ग्रुप केलेला आहे, म्हणजे सगळे आकार एकत्र बांधलेत, म्हणून सगळंच सिलेक्ट होतंय. कंट्रोल धरून परभणीवर क्लिक कर, ग्रुप न मोडता एकटी परभणी हातात येईल. बाण वाकडे झाले म्हणजे फिरवायचा मोड, अजून एक क्लिक केलं की सरळ होतात.

सी-४०१: आली ताई! मी मघापासून माउसनं चौकट ओढायलो होतो, ती बीडच धरायली.

ए-३०२: नुसत्या चौकटीत पूर्ण आत बसलेलाच आकार सिलेक्ट होतो. परभणीचं एक टोक जरी बाहेर राहिलं तरी ती सुटते. आता पेन टूलनं हिंगोलीच्या हद्दीवरून बंद आकार काढ, बाहेरच्या बाजूला थोडा मोठाच. तो परभणीच्या वर ठेव, शिफ्ट धरून दोन्ही निवड, मग पाथ मेनूत डिव्हिजन. खालच्याचे दोन तुकडे होतील. युनियन दाबू नको, दोन्ही एकच होऊन बसतील.

बी-१०१: परभणी परत कापायले का? एकदा कापली तेवढं बास नाही झालं?

सी-२०३: मामा, जगात जर्मनी अन् भारतात परभणी. तुकडा गेला तरी फरक पडत नाही 😂

सी-४०१: झालं. फोटो टाकलाय.

ए-१०४: वसमत बरोबर आलंय, पण औंढा नागनाथ परभणीतच ठेवलंस की! आमचं ज्योतिर्लिंग आमच्याकडं द्या.

सी-४०१: परत पहिल्यापासून कापू का 😭

ए-३०२: गरज नाही. १०४ च्या ताईंना विचारून नवी हद्द ठरव. नोड टूल घे, एन दाब. रेषेवर बारके चौकोन दिसतील, तेच नोड. हद्दीवरचा नोड ओढ, कमी पडला तर रेषेवर डबल क्लिक, नवा येतो. पण एक ध्यानात ठेव, हद्द दोन्ही तुकड्यांची आहे. दोघांना सिलेक्ट करून समोरासमोरचे नोड सोबतच ओढ, नाहीतर मधे पांढरी फट राहील. मोबाइलवर नाही दिसणार, ८ फुटी बॅनरवर बोटभर दिसंल.

सी-४०१: फट राहिलीच होती, आता मिटली. औंढा गेलं हिंगोलीत.

सचिव: शाब्बास. फाइल पाठव लगेच.

ए-३०२: थांब. दुकानात कोरलड्रॉ असतं, वेगळं सॉफ्टवेअर, आपला फॉन्ट नसला तर मजकुराचं भलतंच काही छापून येईल. मजकूर निवडून ऑब्जेक्ट टू पाथ कर, म्हणजे अक्षरांचे आकार होतील, मग पीडीएफ. आधी मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेव.

सी-४०१: केलं, पाठवली पण.

बी-२०२: मी आत्ता बघितलं. 'मुक्तीसंग्राम' नाही, 'मुक्तिसंग्राम'. ति पहिली.

सी-४०१: मॅडम, आता अक्षरं टाइप होत नाहीत, नुसते आकार राहिलेत 😭

ए-३०२: मूळ फाइल ठेवलीस ना?

सी-४०१: ...त्याच्यावरच सेव्ह केलं.

सचिव: मी दुकानात फोन लावतो, छापू नका म्हणून. तू ती ओळ काढ अन् नवी टाइप कर. या खेपेला मॅडमला आधी दाखव.