ग्रामीण रुग्णालयात खासगी भागीदारीतून बीपी-शुगरची ओपीडी : करारात कोणत्या अटी असाव्यात?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य, वर्धा जिल्हा

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बीपी आणि शुगरच्या रुग्णांसाठी आठवड्यातून दोन दिवस ओपीडी चालवण्याचा प्रस्ताव एका खासगी संस्थेने दिला आहे. जागा, वीज आणि औषधे शासनाची. डॉक्टर, तपासणीची यंत्रे आणि नोंदी संस्थेच्या, अशी त्याची मांडणी आहे. रुग्ण कल्याण समितीचा सदस्य म्हणून मला येत्या बैठकीत मत द्यायचे आहे. रुग्णालयात फिजिशियन नाही, त्यामुळे सरळ नकार द्यावा असे वाटत नाही. पण तीन वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेने आमच्या गावात शिबिर घेतले होते. शाळेच्या व्हरांड्यात दिवसभर शुगर तपासली, फोटो काढले, ज्यांची वाढलेली निघाली त्यांच्या हाती चिठ्ठी दिली, आणि पुन्हा कोणी फिरकले नाही. माझी काकू त्यातलीच एक. तिने तीन महिने गोळ्या विकत घेतल्या, मग मजुरीत भागेना म्हणून सोडल्या, आणि आज तिच्या पायाची जखम भरत नाही. असे पुन्हा होऊ नये, यासाठी करारात नेमके काय मागावे?

उत्तर १ : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, भंडारा

आपण काकूंची जी हकीकत सांगितली, तीच कराराची पहिली कसोटी धरावी. आजवरच्या बहुतेक करारांत किती शिबिरे झाली आणि किती जणांची तपासणी झाली, हेच मोजले जाते व त्यावरच पैसे दिले जातात. मोजायला हवे ते वेगळेच आहे : नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जण या तिमाहीत परत आले आणि त्यांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र व राज्य शासने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत भंडाराही होता आणि आपला वर्धाही. त्यात अवघड असे काही नव्हते. कोणती गोळी आधी आणि कोणती नंतर हे ठरलेले, महिनाभराच्या गोळ्या एकदम हातात, बीपी मोजणे व गोळ्या देणे ही कामे परिचारिकांकडे, आणि प्रत्येक रुग्णाचे कार्ड. यात सर्वांत नाजूक दुवा औषधसाठ्याचा असतो. रुग्ण एकदा भाडे खर्चून आला आणि खिडकीवर ‘गोळ्या संपल्या’ असे ऐकून परतला, की तो सहसा पुन्हा येत नाही. म्हणून आपल्या प्रस्तावातील ‘औषधे शासनाची’ हे दोन शब्द मला सर्वांत जास्त खटकतात. साठा किती दिवसांचा राहील आणि तो संपला तर कोण, किती दिवसांत भरून काढील, हे लेखी हवे.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. त्याच इमारतीत बसून संस्थेने नोंदणी शुल्क म्हणून दहा रुपयेदेखील घेऊ नयेत.

उत्तर २ : डायलिसिस रुग्णाचा मुलगा, चंद्रपूर जिल्हा

माझे वडील भागीदारीतूनच चालणाऱ्या केंद्रात आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात यंत्रे, शुद्ध पाण्याचा संयंत्र आणि तंत्रज्ञ खासगी भागीदाराचे असतात, तर जागा, वीज व पाणी शासनाचे. ही व्यवस्था नसती तर वडील आज नसते, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

तरीही मे महिन्यात एकदा तीन दिवस केंद्र बंद राहिले. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते आणि तेवढे मिळवण्यासाठी कच्चे पाणी त्याहून कितीतरी जास्त. भागीदार म्हणाला पाणी रुग्णालयाने द्यायचे, रुग्णालय म्हणाले टँकरची तरतूद करारात नाही. वडिलांना रात्री बसून काढावी लागत होती, आडवे झाले की श्वास कोंडत होता. तेव्हा कोणती वस्तू कोणाची, एवढ्यावर थांबू नका. ती मिळाली नाही तर त्या दिवशी रुग्णाची सोय कोण करील, तेही लिहून घ्या.

वडिलांचे बीपी दहा वर्षे वाढलेले होते आणि गोळ्या कधी होत्या, कधी नव्हत्या. त्यातूनच मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळ आली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च निघतो, पण योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर असल्याने त्या रोजच्या गोळीचा खर्च त्यात कधी बसला नाही. आपली ओपीडी नीट चालली तर कुणाच्या तरी वडिलांवर ही वेळ येणार नाही. (एसटीच्या प्रवासात डायलिसिस आणि सिकलसेलच्या रुग्णांना सवलत आहे. ती पुष्कळांना ठाऊक नसते.)

उत्तर ३ : आशा गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा

तिशीपुढच्या प्रत्येकाचा आरोग्य-माहितीचा फॉर्म आमच्या आशाताई भरतात, त्यामुळे गावात कोणाला बीपी आहे हे त्यांना पाठ असते. पण संस्थेच्या संगणकातील यादी त्यांना दाखवली जात नाही. कोण आले नाही हेच कळले नाही, तर त्यांनी कोणाच्या दारी जावे? दर महिन्याला न आलेल्यांची यादी त्यांच्याकडे यावी आणि त्या फेरीचा मोबदला करारात धरावा.

ओपीडीचे वार आणि वेळही पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला तालुक्याला या म्हटले, तर कोणतीही बाई येणार नाही, कारण तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. एकदा डॉक्टरांनी गोळ्या ठरवल्या, की पुढच्या महिन्यांच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळाव्यात आणि संध्याकाळी मिळाव्यात.

प्रश्नकर्ता :

आपणा तिघांचे मनापासून आभार. एक शंका उरते. तीन वर्षांनी करार संपला आणि संस्था निघून गेली, तर रुग्णांच्या नोंदींचे काय?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, भंडारा :

नोंदी पहिल्या दिवसापासून रुग्णालयाच्या मालकीच्या असाव्यात आणि प्रत्येक रुग्णाजवळ बीपी, शुगर व चालू गोळ्या लिहिलेले मराठी कार्ड असावे. संस्था जाण्याच्या तीन महिने आधी तिने रुग्णालयाच्या परिचारिकांबरोबर ओपीडी चालवून द्यावी. हे कलम शेवटी जोडण्यासाठी ठेवू नका, कारण एकदा सह्या झाल्या की ते कोणी मान्य करत नाही. बैठकीपूर्वी मसुदा येथे टाकलात, तर मी एकेक ओळ वाचून देईन.