थंड इंजिन सकाळी सुरू होत नाही, हीटर प्लगचा दिवा मात्र बरोबर लागतो

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. गाडी २००१ ची, डिझेल, चार सिलिंडर, टर्बो नाही, जुन्या प्री-चेंबर पद्धतीचं इंजिन. वडिलांनी घेतलेली. पासिंग पुन्हा करून घेतलंय आणि ती विकायची नाही, हे आधीच सांगतो.

थंडी पडल्यापासून पहाटे गाडी सुरू व्हायला लई त्रास देते. चावी फिरवली की हीटर प्लगचा (थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आत तापणारा प्लग) पिवळा दिवा लागतो, थोड्या वेळानं विझतो. मग सेल मारला की इंजिन जोरात फिरतं, मागून पांढरा धूर येतो, पण पकडत नाही. बराच वेळ सेल मारल्यावर एक-दोन सिलिंडरवर थडथडत सुरू होते, मिनिटभर सगळी गाडी हलते, मग सुरळीत. एकदा गरम झाली की दिवसभर अर्ध्या सेलवर सुरू.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, डिझेलचा पंप आणि डिझेल फवारणारे नोझल खोलावे लागतील. खर्च मोठा सांगितलाय. दिवा लागतोय म्हणजे हीटर प्लग ठीक आहेत, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. आणखी एक गोष्ट, जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या कुंभार गल्लीच्या बाजूला पाणी आलं तेव्हा गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात होती. त्यानंतर इंजिनचं सगळं काम झालं, वायरिंग मात्र फक्त वाळवलं होतं. मल्टिमीटर आहे, वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर (उद्यमनगर, ऑटो इलेक्ट्रिशियन)

पंपाला हात लावू देऊ नका. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. डिझेल आत येतंय, पेटत नाहीये. गरम इंजिन अर्ध्या सेलवर घेतंय म्हणजे कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला हवेचा दाब) पार गेलेलं नाही. ही सगळी लक्षणं हीटरकडे बोट दाखवतात.

त्या दिव्याबद्दल आधी बोलतो, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून लोकांचे पैसे जातात. तो दिवा टायमर लावतो. प्लगपर्यंत करंट पोचला का, प्लग तापला का, हे जुन्या गाड्यांत त्याला कळतच नाही. चारही प्लग काढून टेबलावर ठेवले तरी दिवा लागेल आणि वेळेवर विझेल.

तुमच्या पद्धतीच्या इंजिनात डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत फवारलं जातं. थंड असताना त्या खोलीच्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता खाऊन टाकतात, म्हणून आपल्या कोल्हापूरच्या थंडीतसुद्धा प्लग लागतो. नव्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या या हवेत प्लगशिवायही बऱ्याचदा निघतात. तुमची नाही निघणार.

आता काम. इंजिन थंड पाहिजे, गरम असेल तर टायमर प्लगला पुरेसा वेळ देणार नाही. प्लगच्या डोक्यांना जोडणारी जी पट्टी आहे, ती काढा. मग प्रत्येक प्लगचं टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये ओहम मोजा. त्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून किती दाखवतंय ते बघा आणि तेवढं वजा करा, कारण इथं सगळा खेळ एका ओहमच्या आसपासचा आहे. चांगला प्लग थंड असताना साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर प्लग मेला. तुमच्याकडं चारही पॅरलल आहेत, म्हणून एक मेला तर त्याचंच सिलिंडर गार राहतं. काही जुन्या ट्रॅक्टरांत सिरीजमध्ये असायचे, तिथं एक गेला की सगळेच गेले.

मग पट्टी परत लावा आणि दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. दिवा लागलेला असताना बॅटरीवर, रिलेच्या (प्लगचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आत येणाऱ्या वायरवर, बाहेर जाणाऱ्या वायरवर आणि प्लगच्या पट्टीवर व्होल्टेज मोजा. लोड असतानाच, म्हणजे प्लग करंट ओढत असतानाच मोजायचं. पट्टी काढून मोजाल तर कुजलेली वायरसुद्धा बारा व्होल्ट दाखवील. पाण्यात राहिलेल्या गाडीत तर नक्कीच. काळा क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि आकडे इथं टाका.

प्रश्नकर्ता

काका, सांगितलं तसं केलं. मीटरच्या पिनांचा आकडा ०.३. तो वजा करून प्लग असे आले: पहिला ०.७, दुसरा ०.८, तिसरा काहीच नाही, चौथा ०.७.

दिवा लागलेला असताना: बॅटरी ११.९, रिलेच्या आत ११.७, रिलेच्या बाहेर ११.५, पट्टीवर ७.८. पट्टी काढून मोजलं तर तिथं १२.४ दाखवतंय, तुम्ही म्हणालात तसंच. पट्टीकडं जाणाऱ्या वायरीचं टोक दोन-तीन वेळा दिवा लावल्यावर एवढं तापलं की बोट ठेववेना.

उत्तर (उद्यमनगर, ऑटो इलेक्ट्रिशियन)

मग सापडलं की. दोन वेगळे दोष आहेत आणि एकानं दुसऱ्याला झाकलंय. तिसरा प्लग मेलाय. आणि रिले ते पट्टी या वायरीत जवळजवळ पावणेचार व्होल्ट वाटेतच जातायत. जे तीन प्लग जिवंत आहेत त्यांना अकराच्या जागी आठाच्या खाली मिळतंय, आणि प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गानुसार पडते, म्हणजे निम्म्याच्या आसपासच ते तापतायत. नुसता तिसरा प्लग बदलला असता तर गाडी थोडी सुधारली असती आणि मग खरंच कुणीतरी पंप खोलला असता.

वायरीच्या टोकाचं ते तापलेलं थिंबल (नटाखाली बसणारं धातूचं टोक) कापा. वायरीचं प्लास्टिक मागं सोला. तांबं काळं किंवा हिरवं दिसेल, पाणी केशिकांसारखं तारांच्या आत चढतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं जा. एवढं मागं जावं लागलं की वायर आखूड पडेल, तर सांधा मारू नका, पूर्ण वायर बदला. चार प्लग मिळून सुरुवातीला साठ-सत्तर अँपिअरच्या घरात ओढतात, तेव्हा १० चौरस मिलिमीटरची वायर घाला. थिंबल चांगलं दाबून बसवा, पट्टी आणि प्लगची टोकं झिरो पेपरनं घासा. सगळं आवळून झाल्यावर वरून थोडं व्हॅसलीन.

वाटेत पातळ पत्र्याचा पट्टीसारखा फ्यूज आहे का तेही बघा. त्याला कधीकधी केसाएवढी चीर असते, डोळ्यांना चांगला दिसतो आणि लोडवर दगा देतो. अर्थिंगही मोजा: दिवा लागलेला असताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टच्या वर काही नको. पुरातल्या गाडीत अर्थची वेणी (विणलेली जाड तार) बाहेरून धड आणि बोल्टखाली गंजलेली असते.

उत्तर (गोकुळ शिरगाव, लेथवाला)

वायरिंगचं वरच्या काकांनी सांगितलंय, मी फक्त प्लग काढण्याबद्दल लिहितो, कारण तुटलेले प्लग शेवटी आमच्याकडं येतात. तिसरा प्लग घाईनं काढू नका. आदल्या रात्री मुळाशी गंज सुटायचं तेल सोडा. सकाळी इंजिन गरम करा आणि गरमच काढा. खोल सॉकेट, लहान दांडा. अडलाय असं वाटलं तर थोडा आवळा, थोडा सोडा, परत तेल. करकर आवाज आला की थांबायचं. प्लग हेडमध्ये तुटला की हेड उतरवावं लागतं, आणि तेवढ्या पैशात चारही प्लगचे कितीतरी संच येतात.

काढलेल्या प्लगचं टोक बघा. फुगलेलं असेल तर जादा व्होल्टेज मिळालंय किंवा रिले चिकटून राहत होती. एका बाजूनं वितळलेलं असेल तर त्या सिलिंडरचं नोझल धार मारतंय, फवारा नाही. तेवढं एकच नोझल तपासून घ्या.

नवा घेताना प्लगवर छापलेले व्होल्ट जुन्याशी जुळवा. सहा व्होल्टचा प्लग बारावर घातला तर लगेच जळतो. बसवताना आटे हातानं लागले पाहिजेत, शेवटी हलकाच पाना. वरच्या छोट्या नटाला तर नुसता टेका द्यायचा. बाकीचे तीन जुने असतील तर चारही एकदम बदला.

प्रश्न (पन्हाळा)

मध्येच विचारतो. आमच्याकडं वर थंडी जास्त. एक जण एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचं फडकं धरतो आणि गाडी लगेच सुरू होते. तात्पुरतं चालेल का?

उत्तर (उद्यमनगर, ऑटो इलेक्ट्रिशियन)

नाही. अजिबात करू नका, आणि त्या माणसालाही सांगा. लाल झालेला प्लग आत असताना पेट्रोलची वाफ किंवा ईथरचा फवारा गेला तर पिस्टन वर यायच्या आधीच भडका होतो. पिस्टनच्या कडा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, फिल्टरकडून ज्वाळा बाहेर येऊन हात भाजतो. असे भाजलेले हात मी पाहिलेत.

प्रश्नकर्ता

वायर सोलली तर वीतभर आतपर्यंत हिरवी होती, म्हणून पूर्ण बदलली. अर्थच्या बोल्टखालीही पांढरी पूड होती, घासून काढली. तिसरा प्लग गरम इंजिनावर तेल सोडून हळूहळू निघाला, टोक फुगलेलं नाही, वितळलेलंही नाही. चारही नवे घातले. आता पट्टीवर ११.२ येतंय. आज पहाटे दिवा विझल्यावर पहिल्याच सेलला चारही सिलिंडरवर सुरू झाली, धूर अगदी थोडा. दिवा विझल्यावरही रिलेचा आवाज काही सेकंदांनी येतो, ते बरोबर आहे का?

उत्तर (उद्यमनगर, ऑटो इलेक्ट्रिशियन)

बरोबर आहे. दिवा विझल्यावरही टायमर थोडा वेळ प्लग चालू ठेवतो, इंजिन थंड असताना थडथडू नये म्हणून. तो आवाज यायचा बंद झाला आणि रात्रीत बॅटरी उतरायला लागली, तर रिले चिकटली समजा आणि लगेच तिची वायर सोडा, नाहीतर नवे प्लग जळतील. उन्हाळ्यात एकदा प्लगच्या पट्टीचं व्होल्टेज परत मोजून ठेवा.