दाबोळीवरचा हल्ला: ३५ स्क्वाड्रनची फत्ते की अर्धवट काम?

सडेकर, सावंतवाडी
१८ डिसेंबर आला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात 'हवाई दलाने दाबोळीचा खातमा केला' हा मजकूर फिरतो. यंदाही फिरला. मला तो पटत नाही. गोवा मुक्तीच्या मोहिमेत, १९६१ च्या त्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्यामागे हवाई दलाच्या ३५ स्क्वाड्रनची, म्हणजे तुकडीची, १२ कॅनबेरा बॉम्बर पुण्याहून गोव्याच्या दाबोळी विमानतळावर आली आणि काही मिनिटांत ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकून गेली. पाठोपाठ १६ स्क्वाड्रनची आणखी ८. एवढं करून त्याच रात्री पोर्तुगीजांनी घाईघाईने धावपट्टीची डागडुजी केली, अधिकाऱ्यांची कुटुंबं दोन विमानांत बसवली आणि ती उडाली! धावपट्टी बंद पाडायलाच गेला होतात ना?

खाडीकाठचा
दादा, हुकूम काय होता ते आधी बघा. मोहिमेचे हवाई प्रमुख एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांनी बजावलं होतं, धावपट्टी फोडा, पण टर्मिनल आणि बाकी सोयींना धक्का नको. विमानतळ उद्या आपलाच व्हायचा होता. झालाही, पुढे नौदलाचा 'हंसा' तळ तिथेच आला. उभी असलेली ती दोन विमानं मुलकी होती. ती जाळली असती तर आज तुम्हीच नावं ठेवली असती.

सडेकर, सावंतवाडी
विमानं सोडली, बरं केलं. माझं भांडण धावपट्टीशी आहे.

वेंगुर्ल्याची मावशी
काय तां म्हणा, विमानां गेली ती गेली!

निवृत्त तंत्रज्ञ, रत्नागिरी
धावपट्टी कायमची बंद पाडणं ही भल्याभल्यांची डोकेदुखी. बॉम्ब तिच्यावर पडला तरी खड्डा एका जागी पडतो, आणि पंख्याच्या विमानाला उडायला सबंध पट्टी लागत नाही. दोन खड्ड्यांमधला सलग तुकडा मिळाला, थोडी भर घातली, की भागतं. नुसत्या धावपट्ट्या फोडायचे खास बॉम्ब जगात नंतर आले. कॅनबेराच्या पोरांनी हाती होतं ते टाकलं.

सडेकर, सावंतवाडी
मग २० बॉम्बर कशाला? गोव्यात पोर्तुगीजांचं एकही लढाऊ विमान नव्हतं.

खाडीकाठचा
हे आज माहीत आहे, काका. तेव्हा धास्ती होती ती बाहेरून विमानं उतरण्याची. १८ तारखेच्या दिवसभरात एकही उतरलं नाही, आणि १९ च्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आले. दीड दिवस पट्टी निकामी ठेवायची होती, त्यातली एक रात्र निसटली. एवढंच.

निवृत्त तंत्रज्ञ, रत्नागिरी
कौतुकच करायचं तर १७ स्क्वाड्रनचं करा की. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आलेल्या ६ हंटर लढाऊ विमानांनी रॉकेट आणि तोफांनी गोव्यातल्या बांबोळीचं वायरलेस केंद्र गप्प केलं. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही, कारण धावपट्टीवरच्या धुराएवढी ती गोष्ट दिसायला मोठी नाही.

सडेकर, सावंतवाडी
यावर वाद नाही. पुढच्या डिसेंबरला गटात हंटरचं मी टाकतो. रात्रीच्या दोन विमानांचंही टाकणार, आताच सांगून ठेवतो.